कर्मचारी पोर्टल नवं करायचंय: आधी कशाला हात घालावा?

निरभ्र (धागालेखक)

मंडळी, आमच्या कंपनीचं कर्मचारी पोर्टल बदलायचं ठरलंय आणि ते काम माझ्या टेबलावर येऊन पडलंय. पोर्टल इतकं जुनं की रजेचा फॉर्म फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच धड चालायचा. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर निवृत्त केला. तेव्हापासून त्यांच्याच एज ब्राउझरमधल्या, जुनी पानं चालवणाऱ्या 'आयई मोड'वर दिवस ढकलतोय.

पोर्टलवर पगाराची स्लिप, रजा, पत्ता-फोन बदल, बँक खातं, नॉमिनी, खर्चाची बिलं एवढं आहे. म्हणायला सगळं ऑनलाइन. प्रत्यक्षात कुणी पत्ता बदलला की त्याची पीडीएफ बनून एचआरच्या मेलबॉक्समध्ये जाते आणि तिथली एक व्यक्ती ती समोर ठेवून मूळ सिस्टीममध्ये पुन्हा टाइप करते. निम्मे लोक कारखान्यात आहेत. त्यांना ना कंपनीचा ईमेल, ना स्वतःचा कॉम्प्युटर.

वरून मागणी आहे मोबाइल अ‍ॅपची आणि चॅटबॉटची. माझ्यासमोर तीन वाटा दिसतात: जुन्याच सिस्टीमला नवा चेहरा, मूळ सिस्टीम तशीच ठेवून वर एक वेगळा थर, किंवा सगळंच उचलून क्लाउडवर. ज्यांनी हे केलंय किंवा सोसलंय त्यांनी लिहा. व्हेंडरची माहितीपत्रकं वाचून झालीत, ती कृपया नकोत.

आकडेमोड

मी पेरोलमध्ये, म्हणजे पगाराचा हिशोब करणाऱ्या विभागात आहे, त्यामुळे माझं रडगाणं पेरोलचंच असणार.

अ‍ॅप, चॅटबॉट जरा बाजूला ठेवा आणि पगाराच्या आठवड्यात येणारे फोन कशाबद्दल असतात ते बघा. "स्लिप कुठे मिळेल?" असं फार थोडे लोक विचारतात. बहुतेकांचा प्रश्न असतो, "या महिन्यात कमी का आलाय?" आणि स्लिप त्याचं उत्तर देत नाही. ती फक्त आकडे छापते. मागच्या महिन्यापेक्षा काय बदललं हे स्लिपशेजारी साध्या वाक्यात दाखवा: "दोन दिवस बिनपगारी धरले, मागच्या महिन्याची ओव्हरटाइमची थकबाकी मिळाली." एवढं केलंत तर आमच्या फोनला विश्रांती मिळेल. ही सगळी माहिती सिस्टीममध्ये असतेच, फक्त कर्मचाऱ्याला कुणी दाखवत नाही.

दुसरं दुखणं तारखांचं. जुन्या फॉर्मवर तारीख एकच असते, फॉर्म भरल्याची. पेरोलला हवी असते बदल लागू होण्याची. पगाराचा कटऑफ होऊन गेल्यावर कुणी कळवलं की "माझी पाळी पंधरवड्यापूर्वीच बदलली", तर मागचा हिशोब उघडून फरक काढावा लागतो. नव्या फॉर्मने 'कधीपासून' हे विचारायलाच हवं, आणि सबमिट करताक्षणी सांगायला हवं की हा बदल या पगारात येणार की पुढच्या. लोक उशीर सहन करतात हो. कधी होणार तेच कळत नसलं की मात्र तीन-तीनदा फोन करतात.

रजेची शिल्लकही तशीच. 'शिल्लक १२' म्हणजे आजची १२ की वर्षअखेरची? मंजुरीला अडकलेली रजा त्यातून वजा केलीय का? एकच आकडा दाखवाल तर भांडणं ठरलेली.

शंकेखोर

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न मी विचारतो. पूर्वी एचआरमधला माणूस जी टायपिंग करायचा ती आता मी करायची, तीही माझ्या कामाच्या वेळात, आणि चूक झाली तर जबाबदारी माझी. याला आधुनिकीकरण म्हणायचं?

निरभ्र

@शंकेखोर, आमच्याकडे तर ती टायपिंग दोघंही करतायत! पण मुद्दा मान्य. माझ्या वरिष्ठांच्या सादरीकरणातली पहिलीच स्लाइड "एचआरचे किती तास वाचतील" अशी होती. कर्मचाऱ्याचे किती तास जातील याची स्लाइड नव्हती.

सांधेकरी

वेगवेगळ्या सिस्टीमचे सांधे जुळवणं हेच माझं काम, म्हणून थोडं लांबण लावतो.

हा 'नवा चेहरा' खेळ फार जुना आहे. एचआर आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवणारी पीपलसॉफ्ट कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली. २००० साली त्यांची आठवी आवृत्ती पूर्णपणे वेबवर आली तेव्हा कर्मचारी थेट ब्राउझरमधून माहिती भरणार याचं केवढं कौतुक झालं होतं. २००५ च्या सुरुवातीला ऑरेकलने पीपलसॉफ्ट गिळली. त्याच वर्षी तिचे संस्थापक डेव्ह डफील्ड यांनी अनिल भुसरींबरोबर वर्कडे ही क्लाउडवरचं एचआर सॉफ्टवेअर देणारी कंपनी काढली. पुढे सॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये फिओरी नावाचा नवा चेहरा आणला, पीपलसॉफ्टने २०१४ मध्ये फ्लुइड. दोन्ही दिसायला छान, मोबाइलवर चालणारे. पण आतली टेबलं, मंजुरीच्या साखळ्या, रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या कामांच्या बॅचेस बऱ्याच ठिकाणी होत्या तशाच राहिल्या. जुन्या भिंतीवर नवा रंग दिला तरी ओल आतून येतच राहते.

म्हणून पहिली वाट मी एकाच कारणासाठी निवडेन: वेळ मिळवायला. सॅपच्या जुन्या ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय, जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत. तुमची मूळ सिस्टीम अशाच कुठल्या मुदतीखाली असेल तर नव्या चेहऱ्यावर फार खर्च करू नका.

दुसरी वाट, म्हणजे वरचा थर, मला मनापासून आवडते, पण तिथे एक सापळा आहे. थराने फक्त विचारायचं आणि दाखवायचं, ठरवायचं मूळ सिस्टीमने. "हा कर्मचारी या रजेला पात्र आहे का" हा नियम सोयीसाठी वरच्या थरात लिहिलात की तुमच्याकडे दोन नियमपुस्तकं झाली. सहा महिन्यांनी धोरण बदलतं, एकीकडे दुरुस्ती होते, दुसरीकडे राहते. मग थर 'मंजूर' म्हणतो, पेरोल 'बिनपगारी' म्हणतो, आणि आकडेमोड यांचा फोन वाजतो.

मूळ सिस्टीमला धड एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने तिच्याशी थेट बोलायची सोय) नसेल तर काही व्हेंडर सांगतील की आमचा बॉट स्क्रीनवर जाऊन माणसासारखा टाइप करेल. तात्पुरतं ठीक. एक बटण इकडचं तिकडे झालं की तो बंद पडतो, आणि वाईट म्हणजे कधीकधी गुपचूप बंद पडतो.

लॉगिनसाठी वेगळा पासवर्ड काढू नका, एकाच लॉगिनने सगळ्या सिस्टीममध्ये जाण्यासाठी सॅमल २.० हे मानक २००५ पासून आहे. नव्या माणसाचं खातं आपोआप उघडायला आणि सोडून गेलेल्याचं त्याच दिवशी बंद करायला स्किम हे मानक आहे, त्याची २.० आवृत्ती २०१५ पासून. व्हेंडरला हे दोन प्रश्न आधी विचारा. "रोडमॅपवर आहे" असं उत्तर आलं तर 'नाही' समजा.

दुसरी पाळी

मी कारखान्यात सुपरवायझर. वरचं वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडचे प्रश्न यातल्या कशातच नाहीत.

आमच्या गेटजवळ एक किऑस्क, म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेला कॉम्प्युटर आहे. पाळी सुटताना समोर रांग लागते. पुढचा माणूस लॉगआउट न करता निघून जातो आणि मागच्याला त्याचा पगार दिसतो. आता उपाय म्हणून तीस सेकंदांत स्क्रीन बंद होते. हातमोजे काढून, चष्मा लावून नाव शोधेपर्यंत तीस सेकंद गेलेले असतात. कार्ड टेकवून उघडेल आणि कार्ड काढलं की बंद होईल अशी सोय बघा.

"प्रत्येकाकडे फोन असतो" हे वाक्य मीटिंगमध्ये नक्की येणार. असतो, पण मशिनजवळ नेता येत नाही. शिवाय तो त्याचा खाजगी फोन आहे. कंपनीचं अ‍ॅप टाकायची सक्ती करणार का? डेटाचा खर्च कोण देणार? अ‍ॅप लोकेशन मागतं म्हटल्यावर अर्धे लोक तिथेच नाही म्हणतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. रजेच्या अर्जाला माणूस कुठे उभा आहे याच्याशी काय घेणं?

लोकांना खरोखर हवी असलेली एकच गोष्ट सांगतो: पाळीची अदलाबदल. दोघं तयार, कौशल्य सारखं, विश्रांतीचे तास मोडत नाहीत, तर झालं पाहिजे. आज त्यासाठी तीन सह्या लागतात. ही एक सोय दिलीत तर लोक आपणहून पोर्टल वापरतील, जाहिरात करावी लागणार नाही.

आणि ओटीपी! नंबर बदलला म्हणून पोर्टलवर नवा टाकायला जावं, तर ओटीपी जुन्याच नंबरावर. हे डिझाइन करणाऱ्याला एकदा भेटायचंय.

कोरा कागद

"हे डिझाइन करणाऱ्याला एकदा भेटायचंय" +१

कुलूपकिल्ली

मी भेटतो की! सुरक्षेचं काम करतो, शिव्या खायची सवय आहे.

जुन्या नंबरावर ओटीपी जातो त्यामागे कारण आहे. कर्मचारी पोर्टलमधली चोराच्या सर्वात कामाची जागा म्हणजे बँक खातं बदलायचा फॉर्म. सप्टेंबर २०१८ मध्ये एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राने खास याबद्दल इशारा दिला होता. पद्धत साधी: एचआरच्या नावाने खोटा मेल, त्यातून लॉगिन मिळवायचं, पोर्टलवर खातं बदलायचं, आणि मेलबॉक्समध्ये असा नियम लावायचा की "तुमचं खातं बदललं" ही सूचना कर्मचाऱ्याला दिसतच नाही. पगाराच्या दिवशी कळतं, तोवर पैसे गेलेले असतात.

म्हणून पत्ता बदलणं आणि खातं बदलणं हे एकाच मापाने मोजू नका. पत्त्याला लॉगिन पुरे. खात्याला पुन्हा एकदा ओळख पटवा, जुना फोन आणि जुना ईमेल दोन्हीकडे कळवा, आणि संपर्काचे तपशील नुकतेच बदललेले असतील तर खातेबदल थोडा रोखून धरा. स्क्रीनवर खात्याचे शेवटचे चारच आकडे दाखवा.

दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा जुना रिवाजही सोडा. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच ती सक्ती करू नका असं सांगितलंय. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही होत नाही. शक्य असेल तर पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या कुलपानेच लॉगिन) आणा. आणि हेल्पडेस्क कसा वागतो ते तपासा. दाराला एवढी कुलपं लावून हेल्पडेस्क फोनवर जन्मतारीख विचारून पासवर्ड बदलून देत असेल तर मागचं दार उघडंच आहे.

दुसरी पाळी

खातेबदल रोखून धरा म्हणता, पण कुणाचं जुनं खातं बंद झालं असेल आणि नंबरही बदलला असेल तर त्याचा पगारच अडकेल. असे लोक बहुधा तेच असतात ज्यांना एक आठवड्याचा उशीरही परवडत नाही.

कुलूपकिल्ली

रास्त आहे. त्यांच्यासाठी ऑनलाइन वाट नकोच. ओळखपत्र घेऊन समोर येऊ दे, सुपरवायझरने ओळख पटवावी, पेरोलमधल्या दुसऱ्या व्यक्तीने नोंद करावी. सगळंच पोर्टलवर व्हायला हवं असा काही नियम नाही.

आकडेमोड

याला माझं अनुमोदन. समोर येणाऱ्या माणसासाठी खिडकी उघडी ठेवा. ती बंद करण्याचा मोह प्रत्येक प्रकल्पात होतो, कारण पैसे वाचवण्याचं गणित तिच्यावरच उभं असतं.

कॅनडाच्या केंद्र सरकारची फीनिक्स पगारप्रणाली आठवा. पीपलसॉफ्टवरच बांधलेली, २०१६ मध्ये सुरू झाली. खात्याखात्यांमधले पगाराचं काम जाणणारे लोक कमी करून बऱ्याच खात्यांचं काम मिरामिची गावातल्या एका केंद्रात एकवटलं. मग हजारो लोकांना कमी, जास्त किंवा शून्य पगार मिळू लागला, आणि विचारायला जावं तर जवळ जाणकार माणूस उरला नव्हता. महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात 'अनाकलनीय अपयश' असे शब्द वापरले. त्या अहवालात बारीक गोष्ट अशी आहे की मुदत आणि खर्च सांभाळायला काही महत्त्वाच्या सोयी गाळल्या होत्या. त्यात मागील तारखेपासूनच्या फरकाचा हिशोब होता, आणि आधी छोट्या प्रमाणात करून बघायची चाचणीही रद्द केली होती. वर मी 'कधीपासून' या तारखेवर एवढं का लिहिलं ते कळेल.

शंकेखोर

म्हणजे आधी माणसं काढली आणि मग सॉफ्टवेअर चालतंय का ते बघितलं. उलटं करता आलं असतं की.

बरं, दुसरी शंका. मुळात एवढ्या मंजुऱ्या कशाला? माझा पत्ता बदलला हे माझ्या मॅनेजरने 'मंजूर' करायचं म्हणजे काय? त्याने नाही म्हटलं तर मी जुन्या घरी परत जायचं का?

कोरा कागद

हाहा. धोरणं लिहायचं काम करते म्हणून यावर उत्तर माझ्याकडून. बऱ्याच मंजुऱ्या कागदाच्या काळातल्या आहेत. फॉर्म मॅनेजरच्या टेबलावरून जायचा म्हणून तिथे सही आली, आणि संगणकीकरण करताना ती सही जशीच्या तशी बटण झाली. निरभ्र, एक काम करा. प्रत्येक मंजुरीपुढे लिहा की गेल्या वर्षात ती किती वेळा नाकारली गेली. जिथे जवळजवळ कधीच नाही, तिथे मंजुरी काढा, फक्त माहिती द्या. जी उरेल तिला मुदत आणि पर्यायी व्यक्ती द्या, कारण मॅनेजर स्वतः रजेवर गेला की खालच्या सगळ्यांच्या रजा लटकतात.

दुसरं म्हणजे मेनू. आमच्या जुन्या पोर्टलवर फॉर्मना क्रमांक होते आणि एचआरच्या विभागांप्रमाणे गट. घरात मूल जन्माला आलेल्या माणसाला रजा एका ठिकाणी, विमा दुसऱ्या, नॉमिनी तिसऱ्या, असं फिरावं लागायचं. त्याच्या दृष्टीने घटना एकच आहे. तिथून सुरुवात करा: मूल झालं, लग्न झालं, घर बदललं, आजारी पडलो, नोकरी सोडतोय. पुढची वाटणी सिस्टीमने करावी.

चॅटबॉटबद्दल एवढंच: बॉट तुमच्याकडच्या कागदांतूनच बोलणार. एकाच रजानियमाच्या चार आवृत्त्या चार फोल्डरांत असतील तर तो त्यातली कुठलीही एक मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्याच एका न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाचं प्रकरण आलं होतं. वेबसाइटवरच्या बॉटने नातेवाइकाच्या मृत्यूनंतरच्या सवलतीच्या तिकिटाबद्दल प्रवाशाला चुकीचं सांगितलं. कंपनीचं म्हणणं जणू असं की बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. न्यायाधिकरणाने ते मानलं नाही आणि भरपाई द्यायला लावली. तो ग्राहक होता, पण कर्मचाऱ्यालाही हाच प्रश्न पडणार: बॉटने सांगितलं म्हणून मी रजा घेतली, आता ती बिनपगारी कशी?

तेव्हा बॉटने उत्तरासोबत मूळ नियम आणि त्याची तारीख दाखवावी, शिल्लक स्वतः मोजू नये तर मूळ सिस्टीमला विचारावी, आणि छळाची तक्रार, आजारपण, मृत्यू असे विषय आले की थेट माणसाकडे द्यावं.

ऐकीव

इतका वेळ वाचत होतो. मी अंध आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. माझा अनुभव 'नव्या' पोर्टलांबद्दल फारसा चांगला नाही. जुनं कुरूप पोर्टल मला वापरता यायचं, कारण ते साध्या टेबलांचं होतं. नव्यात रजेची तारीख निवडायला सुंदर कॅलेंडर आलं आणि ते फक्त माउसने चालायचं. स्वतःची रजा टाकायला शेजारच्याला बोलवावं लागलं, कारणासकट. पगाराची स्लिप पीडीएफ म्हणून आली, पण आत होतं नुसतं चित्र. तो आकडाही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा का?

वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचं डब्ल्यूसीएजी २.२ हे मानक ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्यातले तीन नवे निकष तुमच्या कामाला थेट लागू आहेत: एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा विचारू नका, लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका, आणि बटणं फार लहान ठेवू नका, निदान २४ बाय २४ पिक्सेल. यातला एकही निकष फक्त अंधांसाठी नाही. हातमोजे घालणाऱ्यालाही मोठं बटणच लागतं.

व्हेंडर प्रमाणपत्र दाखवेल. ते ठेवून घ्या आणि त्याला म्हणा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर रजा टाकून दाखवा. खरं काय ते तिथेच कळेल.

निरभ्र

@ऐकीव, ही कीबोर्डची परीक्षा मी निविदेतच घालतोय. मनापासून आभार.

सगळं वाचून सध्या मनाशी ठरवलंय ते असं. मूळ सिस्टीमला अजून काही वर्षं पाठिंबा आहे, म्हणून वरचा थर, पण नियम खालीच राहणार. सुरुवात स्लिपमधल्या फरकाच्या स्पष्टीकरणापासून, पत्ताबदल विनामंजुरी आणि थेट नोंद होणारा, आणि एका कारखान्यात पाळीची अदलाबदल. बँक खातं सर्वात शेवटी. बॉट पुढच्या वर्षी, आधी धोरणांची साफसफाई. अ‍ॅप वेगळं नाहीच, ब्राउझरमध्ये नीट चालणारं पान.

वरिष्ठांना यश कसं दाखवायचं हा प्रश्न उरतोय. त्यांना लॉगिनची संख्या हवीय.

सांधेकरी

लॉगिनची संख्या फसवी आहे. उत्तर मिळालं नाही म्हणून पाच वेळा आलेला माणूस त्यात पाच यश म्हणून मोजला जातो. एकाच कामासाठी पोर्टलवर येऊन नंतर फोनही केलेले किती, अर्धवट सोडलेले फॉर्म किती आणि कुठल्या प्रश्नावर सोडले, एवढं मोजा. आणि कारखाना व ऑफिस यांचे आकडे वेगळे ठेवा, सरासरीत कारखाना हरवतो.

शंकेखोर

आणि कर्मचाऱ्याचा वेळ मोजा. पहिली स्लाइड तीच लावा.

आकडेमोड

जाता जाता एक. पुढे कधी मूळ सिस्टीम बदलाल तेव्हा नव्या सिस्टीममध्ये बहुतेक एक-दोन वर्षांचाच इतिहास नेला जातो. जुन्या स्लिपा कुठे राहणार हे आजच ठरवा. कर्जासाठी, निवृत्तीच्या हिशोबासाठी लोक फार जुन्या स्लिपा मागतात.

निरभ्र

याचा विचार केलाच नव्हता. सोडून गेलेल्यांचं काय? त्यांचं लॉगिन तर त्याच दिवशी बंद होणार.

आकडेमोड

त्यांच्यासाठी वेगळं दार लागतं. शेवटच्या दिवसाआधी वैयक्तिक ईमेल आणि फोन पडताळून घ्यायचा, आणि फक्त स्वतःच्या स्लिपा आणि करविषयक कागद दिसतील असं केवळ वाचता येणारं खातं द्यायचं. जुन्या सिस्टीमचा करार संपण्यापूर्वी सगळ्या स्लिपा पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतन करण्यासाठीची पीडीएफ) स्वरूपात, कर्मचारी क्रमांक आणि महिना यांच्या सूचीसह बाहेर काढून घ्या. त्यातल्या काही उघडून मूळ आकड्यांशी ताडूनही बघा. किती वर्षं ठेवायच्या हे तुमच्याकडच्या कायद्याला विचारा, आणि ती मुदत संपली की खरोखर पुसा. आणि काढताना ऐकीव यांनी सांगितलेलं लक्षात ठेवा, आत चित्र नको, मजकूर हवा.

ऐकीव

वाचलं. धन्यवाद.

निरभ्र

उद्या व्हेंडरबरोबर बैठक आहे. पीडीएफ/ए चा प्रश्न आणि कीबोर्डची परीक्षा, दोन्ही घेऊन जातोय. काय होतं ते इथेच लिहीन.